रोझकडे जायची परवानगी

९ जानेवारी

आज सोमवार असून माझ्या थोरल्या बहिणीचा, रोझचा फोन आला, तेव्हाच कळलं की काहीतरी बिघडलंय. ती नेहमी रविवारी करते, चॅपेलमधून मी परत आल्यावर.

तिचा कॅन्सर उलटलाय. या वेळी यकृतात. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंतचंच बोलतात, त्यापुढचा विषय काढला की खिडकीबाहेर बघतात, असं सांगताना ती हसली. मग म्हणाली, "ग्लेन, तू येशील ना? इथं आपल्या भाषेत बोलायला मला कुणी उरलं नाही." नवरा, डेल, गेल्यापासून ती मुलीकडे, केंड्राकडेच राहते, ओहायोत. आमची वेल्श डेललाही कधी आली नाही, केंड्राला तर नाहीच.

येते म्हणाले. फोन ठेवल्यावर एमलिन, माझा नवरा, उठून स्वयंपाकघरात गेला. त्यानं चहा केला, साखर घालायची विसरला.

रोझ लग्न करून अमेरिकेला गेली त्याला चव्वेचाळीस वर्षं होतील. मी एकदाही गेले नाही. मला विमानाची भीती वाटते असं आमच्या लानेली गावात सगळ्यांना वाटतं, आणि मीही कधी नाही म्हटलं नाही.

११ जानेवारी

आपल्याकडच्या लोकांना अमेरिकेला जायला खरा व्हिसा लागत नाही, घरबसल्या परवानगी मिळते. शेजारच्या बाईला दुपारचं जेवण व्हायच्या आत मिळाली होती. पण अमेरिकन दूतावासाच्या वेबसाइटच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की ज्याला कधी शिक्षा झाली असेल त्यानं रीतसर व्हिसा काढावा. शिक्षा कितीही जुनी असो, आणि तुमच्या देशातल्या कायद्यानं ती विसरून टाकलेली का असेना.

एमलिन म्हणाला, "कोण बघतंय? 'नाही' म्हण आणि जा. माझ्याबरोबर कारखान्यात होते त्यातले निम्मे असेच फ्लोरिडाला जाऊन आले."

मी नाही म्हटलं. तिथल्या विमानतळावर पकडलं आणि परत पाठवलं तर? रोझ तिकडे वाट बघत पडलेली. एकदा खोटं बोलले ते कोर्टात, आणि ते अजून फिटलेलं नाही.

"तेच तर मी म्हणतोय," एमलिन म्हणाला. "तू खोटं एकदाच बोललीस, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध."

१४ जानेवारी

अर्जात लिहायचंय की काय घडलं होतं. तिथं काय लिहायचं ते मला ठाऊक आहे. खरं काय ते निदान इथं लिहून ठेवते.

१९७८ चा ऑक्टोबर. मी एकोणीस वर्षांची, रोझ बावीसची. तिचं डेलशी ठरलं होतं. तो मिलफर्डच्या तेल कारखान्यावर कामाला आलेला अमेरिकन. तिचे तिकडे जायचे कागद चालू होते. मला जानेवारीपासून नर्सिंगला जागा मिळाली होती. लग्नाचे बूट बघायला आम्ही दोघी स्वॉन्झीला गेलो. पांढरे साटीनचे, बाजूला बटण असलेले. रोझला ते फार आवडले, पण परवडणारे नव्हते. ती माझ्या हातात हात घालून सगळं दुकान फिरली, एरवी ती असं कधी करायची नाही. मला किती छान वाटलं होतं ते अजून आठवतं. मोठी पिशवी माझ्याकडे होती, कारण तिची लहान होती.

दारात एका माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. रोझ तोवर रस्त्याच्या कडेला पोचली होती. ती परत आली, पांढरीफटक झालेली. मॅनेजरच्या खोलीत माझ्या पिशवीतून बूट निघाले तेव्हा ती वेल्शमध्ये पुटपुटली, "माझे कागद अडकतील ग्लेन. तू लहान आहेस, तुला सोडून देतील."

मी घेतले म्हणून सांगितलं. स्वतःहून सांगितलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

सोडलं नाही. दंड झाला, पेपरात नाव आलं, नर्सिंगची जागा गेली. बाबा चॅपेलचे पुढारी. त्यानंतर बाकावर बाबा आणि माझ्यामध्ये आई बसायला लागली, ते बाबा जाईपर्यंत. मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रोझ खूप रडली होती. तुझे उपकार जन्मात विसरणार नाही म्हणाली, आणि फेब्रुवारीत विमानात बसली.

एमलिनला हे लग्नाआधीच सांगितलं होतं. आज एवढ्या वर्षांनी त्यानं नवीनच विचारलं, "ती तुझ्याआधी रस्त्यावर कशी पोचली?"

रोझ आधीपासूनच भरभर चालायची. तसं मी त्याला सांगितलं.

३ फेब्रुवारी

पोलिसांकडून दाखला आला. मला वाटलं होतं एव्हाना कुठल्यातरी तळघरात ते कागद उंदरांनी खाल्ले असतील. पण नाही. माझं लग्नाआधीचं नाव, तारीख, चोरी, दंड. सगळं एका ओळीत बसलंय.

एमलिननं तो दोनदा वाचला आणि म्हणाला की रोझनं चार ओळी लिहून द्याव्यात, वकिलासमोर सही करून. "बूट मी घेतले होते, बहिणीनं माझा आळ अंगावर घेतला," एवढंच. तिला आता कोण काय करणार?

मला पटलं. तिलाही मोकळं वाटेल.

५ फेब्रुवारी

फोनवर विषय काढायला फार जड गेलं. हवा-पाण्यापासून सुरुवात करून शेवटी बोलले. मला वाटलं फोन कटला. मग रोझ म्हणाली, औषधांनी डोकं चालत नाही, इतकं जुनं काही नीट आठवत नाही, पण वकिलाला विचारते.

तिचा आवाज दमलेला होता. मी उगाच आज विचारलं. पुढच्या रविवारी विचारायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी

वकील नको म्हणाला. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना रोझनं शपथेवर सांगितलंय की आपण कधीही कुठला गुन्हा केलेला नाही, न पकडलेलासुद्धा. आता उलटं लिहून दिलं तर नागरिकत्व जाऊ शकतं. तिनं मला समजून घ्यायला सांगितलं. मी समजू शकते. घरापासून इतक्या लांब, आजारी, आणि त्यात देशाबाहेर काढायची भीती.

एमलिनला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "मरायला टेकलेल्या बाईला कुठं पाठवणार आहेत? लानेलीला?"

असलं बोलल्याबद्दल मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत अबोला धरला. रात्रीच्या जेवणाला त्यानं स्वतः बटाटे सोलले.

२८ मार्च

लंडनला दूतावासात मुलाखत. पहाटेची गाडी. एमलिन गुडघ्यांसाठी काठी घेऊन बरोबर आला, पण त्याला आत सोडलं नाही. तो समोरच्या बाकावर वाऱ्यात बसून राहिला.

आत बँकेसारख्या खिडक्या होत्या. माझ्या खिडकीमागं एक तरुण मुलगा, नीटनेटका, सभ्य. शेजारच्या खिडकीवरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलावं लागत होतं.

त्यानं विचारलं काय झालं होतं. मी बूट घेतले, म्हणाले. पाठ केलं होतं.

"का घेतलेत?" त्यानं विचारलं.

हे मी पाठ केलं नव्हतं. आजवर कुणीच विचारलं नव्हतं, ना कोर्टानं, ना बाबांनी. मी म्हणाले, बहिणीचं लग्न होतं, मला छान दिसायचं होतं. मग तो म्हणाला, त्याचं आज तुम्हाला वाईट वाटतं का? मी हो म्हणाले आणि मला रडूच फुटलं. थांबेना. ते रडणं खोटं नव्हतं, पण कशाचं होतं ते मला सांगता येणार नाही. त्यानं काचेखालून कागदी रुमाल सरकवला.

कायद्यानं त्याला मला नाकारावंच लागलं. चोरी ही त्यांच्याकडे चारित्र्याची गोष्ट धरतात, तिथं लहान-मोठी असा हिशोब नाही. पण माफी मिळावी म्हणून तो शिफारस पाठवणार आहे. अमेरिकेतून उत्तर यायला काही महिने लागतात. बहिणीजवळ तेवढे महिने नाहीत, मी म्हणाले. तो म्हणाला, तेही लिहितो.

बाहेर आल्यावर एमलिनला सगळं सांगितलं. स्टेशनवर गेल्यावर म्हणाला, "म्हणजे आता दोन देशांत तू चोर."

९ एप्रिल

ईस्टर. फोन केंड्रानं उचलला. रोझ झोपली होती. केंड्रा फार अदबीनं बोलते, शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी. ती खरंच मुख्याध्यापिका आहे. उशीर कशामुळे होतोय, तिनं विचारलं. ते जुनंच प्रकरण आडवं आलंय का?

मी दचकले. तुला ते माहीत आहे?

"लहानपणापासून," ती म्हणाली. "आम्ही दुकानात काही उचललं की आई तुमची गोष्ट सांगायची. एका चुकीनं मावशीचं आयुष्य कसं गेलं ते. काळजी करू नका मावशी, आमच्या मनात काही नाही."

मी आभार मानले.

दिवसभर विचार करतेय. मावशी कधीच का येत नाही, असं मुलं विचारणारच. रोझला काहीतरी सांगावं लागलं असेल. खरं सांगितलं असतं तर मुलांना आईबद्दल काय वाटलं असतं? तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. स्वतःला मुलं असल्याशिवाय हे कळत नाही म्हणतात. आम्हाला झाली नाहीत.

एमलिन फोनजवळच बसला होता, त्यानं सगळं ऐकलं. उठून मागच्या अंगणात गेला आणि शेडच्या दाराची बिजागरी काढून परत बसवली. ती चांगली होती.

२१ मे

अजून उत्तर नाही. रोज दूतावासाच्या पानावर अर्जाचा नंबर टाकून बघते, रोज तेच वाक्य.

रोझ आता पाच मिनिटांच्या वर बोलत नाही. आज तिनं विचारलं, मुद्दाम येत नाहीस ना? मी म्हणाले, असं कसं म्हणतेस? ती म्हणाली, "तुला राग असेल तर मी समजू शकते."

पहिल्यांदाच तिनं रागाचा विषय काढला. मला वाटलं आता बोलेल. मी थांबून राहिले. मग तिनं उशी सरकवायला सांगितलं, मला नव्हे, तिथं असलेल्या कुणालातरी, आणि फोन ठेवला.

मला राग आहे का? स्वयंपाकघरातून वर जेवण न्यायचं असायचं तेव्हा नर्सेसच्या खोलीवरून जावं लागायचं. त्यांचं हसणं ऐकू यायचं. तेव्हा मात्र काहीतरी व्हायचं. ते रोझवर नव्हतं.

२२ जून

आला. व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला, माझा फोटो धुरातून काढल्यासारखा. एकदाच जाता येईल आणि खाली माफीची खूण आहे. माफी! एमलिननं तो शब्द चष्मा लावून वाचला आणि पासपोर्ट माझ्या हातात परत दिला.

तो येत नाही. गुडघ्यांचं कारण सांगतो. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाला, "मी आलो तर तोंड उघडेन, ग्लेन. आणि तुला ते नकोय."

२७ जून

पोचले. विमानतळावर सगळे पुढे गेले आणि मला वेगळ्या खोलीत नेलं. भिंतीला लावलेल्या खुर्च्या, माझ्याशेजारी लहान बाळ घेतलेली एक बाई. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तिथल्या अधिकाऱ्यानं पुन्हा सगळं विचारलं. आता मला चांगलं येतं. लग्न होतं, छान दिसायचं होतं, फार वाईट वाटतं.

केंड्रा न्यायला आली होती. चेहरा अगदी तरुणपणीच्या रोझचा. मी मिठी मारली तेव्हा तिनं पाठीवर हलकेच थोपटलं.

रोझला बघितलं आणि ओळखलं नाही. बैठकीच्या खोलीत खाट टाकलीय. चादरीखाली काही आहे असंच वाटत नाही. तिनं डोळे उघडले आणि आमच्या भाषेत म्हणाली, "किती उशीर केलास." मग माझा हात धरून झोपली.

२९ जून

मला पाहुण्यांची खोली दिलीय. छान आहे. ड्रेसिंग टेबलाचे खण मात्र अडकतात, वापरू नका म्हणून केंड्रानं सांगितलंय. कपाटालाही कुलूप आहे. इथल्या घरांत बहुतेक तशी पद्धत असावी. मी कपडे बॅगेतच ठेवलेत, माझे आहेत तरी किती.

केंड्रा दिवसातून दोनदा काहीतरी शोधायला खोलीत येते. बिचारीचं लक्ष थाऱ्यावर नाही, कुठं काय ठेवलं आठवत नसेल.

रोझचं सगळं मीच करते. अंग पुसणं, कूस बदलणं, ओठांवर ओला कापूस फिरवणं. घरी येणारी नर्स पॅट्रिस आज दारात उभी राहून बघत होती. "किती वर्षं नर्स होतात?" तिनं विचारलं. मी स्वयंपाकीण होते म्हणाले, तर तिला वाटलं गंमत करतेय.

रोझनंही ते ऐकलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

२ जुलै

दुपारी त्यांचे पाद्री आले. प्रार्थना झाली. केंड्रा, तिचा नवरा, मी, सगळे खाटेभोवती. रोझ आज बरीच जागी होती. पाद्रींनी विचारलं, मनात काही अडलेलं आहे का, कुणाशी काही बोलायचंय का?

रोझनं माझ्याकडे हात केला. मी पुढे झाले. आता बोलेल, सगळ्यांसमोर बोलेल, असं वाटलं आणि मला उलट त्याचीच भीती वाटली. केंड्रासमोर नको, असं सांगावंसं वाटलं.

ती इंग्रजीत म्हणाली, "ग्लेन, त्या बुटांचं मी कधी मनात ठेवलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी घराण्याची बदनामी झाली, बाबा खचले. पण मी तुला केव्हाच माफ केलं."

केंड्रा रडायला लागली. पाद्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी रोझच्या डोळ्यांत बघत राहिले. ती लेकीसाठी बोलत होती की तिला खरंच तसंच वाटतंय? कळलं नाही. ती पापणी न लववता माझ्याकडे बघत होती, आणि सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी म्हणाले, "थँक यू, रोझ."

केंड्रानं आज पहिल्यांदा मला स्वतःहून मिठी मारली.

४ जुलै

आज त्यांचा सण. गावात मिरवणूक असते. मीच केंड्राला सगळ्यांना घेऊन जायला सांगितलं, जरा मोकळी हवा खाऊन या म्हणाले. निघताना तिनं घोटाळत विचारलं, एकटं राहायला हरकत नाही ना? माझी काय हरकत असणार?

लांबून बँड ऐकू येत होता. मी रोझचे पाय चोळत होते. घोटे सुजलेत, पावलं बर्फासारखी. घरात आम्ही दोघीच. मी आमच्या भाषेत विचारलं, हळूच, लहानपणी अंथरुणात बोलायचो तसं. म्हणाले, रोझ, मला काही नको. कुणाला सांगणारही नाही. पण आपण दोघीच आहोत. बूट कुणी घेतले होते?

तिनं छताकडे बघितलं. मग म्हणाली, स्वच्छ वेल्शमध्ये, एकही शब्द न अडखळता, "तुझ्याच पिशवीत होते ना."

होते. हे खरंच आहे.

मी पाय चोळत राहिले. थोड्या वेळानं तिला पाणी पाजलं.

ते माझ्या पिशवीत कधी आले, हे मी पाहिलं नव्हतं. आज दुपारपर्यंत मी समजत होते की तिनं घाबरून, ऐनवेळी, काही सुचेना म्हणून टाकले. आता यापुढे विचार करायचा नाही असं ठरवलंय. आजारी माणूस आहे. उद्या चादरी बदलायच्या आहेत.

७ जुलै

सकाळी गेली. पॅट्रिस येण्याआधीच. माझा हात तिच्या कपाळावर होता. केंड्राला हाक मारली, पण ती जिना उतरेपर्यंत संपलं होतं.

मी तिला शेवटचं पुसून घेतलं. केस विंचरले. एवढं आयुष्य गेलं, पण तिच्या केसांचा भांग मला अजून आपोआप डावीकडेच काढता आला.

११ जुलै

अंत्यविधी झाला. केंड्रा आईबद्दल सुंदर बोलली. कुणाबद्दलही मनात अढी न ठेवणारी बाई, असं म्हणाली, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पुष्कळ लोक वळून बघत होते. नंतर जेवणाच्या वेळी सगळे माझ्याशी फारच प्रेमानं वागले. एका म्हातारीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, देव सगळ्यांना दुसरी संधी देतो. मी हो म्हणाले.

संध्याकाळी केंड्रानं रोझची पातळ सोन्याची साखळी माझ्यापुढे धरली. आईची आठवण म्हणून. मी घेतली नाही. विमानतळावर पुन्हा त्या खोलीत नेलं आणि विचारलं की ही कुणाची, तर? मी तसं तिला सांगितलं नाही. मला दागिने घालायची सवय नाही एवढंच म्हणाले.

मग एमलिनला फोन केला. लानेलीत झोपायची वेळ झाली असणार, पण पहिल्याच घंटेला उचलला. सगळं झालं, परवा निघते, म्हणाले. त्यानं मला जेवलीस का विचारलं. मग म्हणाला, "बोलली का ती?"

खिडकीतून दिसत होतं, केंड्राचा नवरा बैठकीतली खाट सुटी करून गाडीत घालत होता.

"बोलली," मी म्हणाले. "माफी मागितली. आपल्या भाषेत."

चाळीस वर्षं या माणसाबरोबर संसार केलाय, त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. तो काहीतरी विचारील म्हणून मी उत्तरं जुळवत होते. ती कशी म्हणाली, कोण होतं जवळ.

त्यानं काही विचारलं नाही. "बरं झालं, पोरी," म्हणाला. "आता घरी ये."